हवामान खातं आणि चौथा मजला

आमच्याच घराच्या दारात उभं राहून तो मला म्हणाला, "या, या! तुमचीच वाट पाहत होतो!"

खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं, की अहो, मी इथंच राहते. पण तो इतका मनापासून हसला की… राहून गेलं.

आमचं घर विकायला काढलं होतं. चौथा मजला, लिफ्ट नाही, आणि आईच्या गुडघ्यांनी संप पुकारलेला. मावशीच्या शेजारचं तळमजल्यावरचं घर रिकामं होणार होतं. दोघी बहिणींनी एका कुंपणाच्या अल्याड-पल्याड बसून उरलेलं आयुष्य गप्पा मारायच्या, एवढंच आईला हवं होतं. त्या घराचे मालक म्हणजे एक निवृत्त कॅप्टन. त्यांनी ते आम्हाला विकण्यासाठी उन्हाळा संपेपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. तोवर आमचं घर विकलं गेलं पाहिजे, नाहीतर तेही हातचं जाणार.

एजंटच्या ऑफिसचा एक नियम होता. रविवारी गिऱ्हाइकं घर बघायला येतात तेव्हा घरच्यांनी घरात थांबायचं नाही. म्हणून मी आणि आई खाली बागेतल्या बाकावर बसलो होतो. आई शाल विसरली, ती आणायला मी वर आले, तर ऑफिसनं पाठवलेला हा नवा एजंट मला गिऱ्हाईकच समजला.

"छान वास येतोय," मी साळसूदपणे म्हणाले. गॅसवर त्यानं पाण्यात दालचिनी उकळत ठेवलेली मला दिसत होती.

"इथली माणसं सुगरण असणार!"

सकाळीच माझ्या हातून दूध उतू गेलं होतं. मी मान डोलावली.

"आणि ही खिडकी… शीळ घालतेय का?"

"हवा खेळती आहे," तो जराही न अडखळता म्हणाला. "माझं ऐका, आजच घ्या. पुढच्या वर्षी हेच घर दीडपट भावानं जाईल. बाजार फक्त जरा दम खातोय."

"पेपरात तर भाव कोसळले म्हणून येतंय."

"पेपरवाले कुठं चौथ्या मजल्यावर चढून येतात?" एवढं बोलून तो एकदम थांबला. "तुम्ही… जरा इथं उभ्या राहता? ओट्याकडे पाठ करून. हां, आता समोर बघा."

समोरच्या भिंतीवर बाहेरच्या झाडाची पानं हलत होती. म्हणजे त्यांच्या सावल्या. उन्हाच्या चौकटीत त्या नुसत्या थरथरत होत्या. मी या घरात जन्मले, वाढले, पण स्वयंपाकघरात माझं तोंड कायम ओट्याकडे. ही भिंत मी कधी बघितलीच नव्हती.

"घर नाही घेतलंत तरी चालेल," तो हळूच म्हणाला, "पण हे बघून जा."

काहीतरी बोलावं म्हणून मी त्याच्याकडे वळले, तो खालून आईचा आवाज आला, "अगं, शाल सापडली का? की विणायला बसलीस?"

त्यानं खिडकीतून खाली बघितलं. मग माझ्याकडे. मग उकळत्या दालचिनीकडे. आणि कानापर्यंत लाल झाला.

त्या पहिल्याच महिन्यात एक शिक्षक जोडपं आलं. आम्ही सांगितलेल्या भावापेक्षा थोडं कमी देत होतं. आई देऊन टाकायला तयार होती, पण हा म्हणाला, "काकू, थांबा. पुढच्या महिन्यात याच्या वर मिळतील." आम्ही थांबलो. त्या जोडप्यानं दुसरीकडे घर घेतलं आणि भाव जे घसरले ते घसरतच राहिले. हा मात्र दर रविवारी नवी आशा घेऊन यायचा. या आठवड्यात नक्की… व्याज उतरलं की बघा… शाळा सुटल्या की झुंबड उडेल… झुंबड सोडा, जिन्यात मांजरसुद्धा फिरकत नव्हतं.

"थेट हवामान खातं आहे हे," आई म्हणाली. "यानं ऊन सांगितलं की आपण छत्री घ्यायची." तेव्हापासून त्याचं नाव हवामान खातंच पडलं. त्यालाही ते कळलं, आणि गंमत म्हणजे आवडलंसुद्धा.

एव्हाना आईनं खाली उतरणं सोडलं होतं. त्यामुळे नियम गुंडाळून ठेवून रविवारी आम्ही तिघंही वरच बसायचो. तो आईचा पाय उशीवर ठेवायचा, माझ्या हातचा करपट टोस्ट मिटक्या मारत खायचा. दुपार कलली की भिंतीवर पानं हलायला लागायची. मी बघायचे, तो बघायचा… आणि कधीकधी मी भिंतीकडे बघत असताना तो भिंतीकडे बघत नसायचा.

"गिऱ्हाईक तर आलं नाही," एकदा मी म्हणाले. "मग तू इतका खूश का?"

"मी? कुठं?… पुढच्या रविवारी यावं लागेल ना परत."

मी घाईघाईनं त्याला आणखी एक टोस्ट वाढला. पण त्याच संध्याकाळी कॅप्टनसाहेबांचा निरोप आला, की उन्हाळा संपत आलाय, आता फार थांबता येणार नाही. आई नुसती जिन्याच्या दाराकडे बघत बसली. मला त्याचा भयंकर राग आला. त्याच्या त्या गोड हसण्याचा तर सगळ्यात जास्त.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दोन दिवसांनी तो तिथं हजर.

"हल्ली लांबचं अंधुक दिसतं," तो म्हणाला.

"ते आम्हाला केव्हाच कळलंय. बस."

मी एक डोळा झाकला आणि समोरचा तक्ता वाचायला सांगितला. वरच्या ओळी त्यानं बरोबर वाचल्या. शेवटची ओळ मात्र खणखणीत आवाजात साफ चुकीची.

"दिसतंय?"

"अंदाजानं…"

"अंदाज नको!" माझा आवाज चढला. "इथं सगळे हेच करतात. दिसत नसलं की ठोकून देतात, आणि मग मी चुकीचा चष्मा देते. दिसत नसेल तर दिसत नाही म्हणायचं. त्यात लाज कसली?"

त्याच्या चेहऱ्याजवळ माझा हात तसाच राहिला होता. मला तो खाली घ्यायचं सुचेना.

"दिसत नाही," तो म्हणाला. मग तक्त्यावरून नजर काढून, "बाजाराचंही मला काही दिसत नाही. कधीच दिसत नव्हतं. ऑफिसात रोज सकाळी साहेब म्हणतात, तेजी येणार, आणि आम्ही सगळे तेच म्हणतो. काकू जिना चढून दमलेल्या बघितल्या की मला ते आणखी जोरात म्हणावंसं वाटायचं… मी तुम्हाला थांबवायला नको होतं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्याच्यासाठी चष्मा निवडताना मी उगीचच बराच वेळ घेतला.

रविवारी तो नवा चष्मा लावून आला, आईसमोर बसला आणि एका दमात म्हणाला, "काकू, भाव पडलेत. अजून पडतील असं वाटतं, पण खात्री नाही. एक नर्स आणि तिचा नवरा घर बघायला येतायत. देतील ते फार नसेल. पण माझं मत विचाराल तर… द्या."

आईनं त्याच्याकडे निरखून बघितलं. "चष्म्यात बरा दिसतोस," ती म्हणाली. "पण काय रे, आमचं घर पडलं, तसं त्या कॅप्टनचंही पडलंच असेल की! का तळमजल्यावरून पडायला जागाच नाही?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. इतके महिने आम्ही एकाच भावाकडे डोळे लावून बसलो होतो. आपल्याला घर घ्यायचंही आहे, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यानं तिथूनच कॅप्टनसाहेबांना फोन लावला. त्यांच्याकडेही गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं, आणि कुणीतरी विचारतंय याचाच त्यांना आनंद झाला. आमचं जेवढं कमी झालं होतं, तेवढंच त्यांनीही खुशीनं कमी केलं.

नर्सबाई आल्या तेव्हा दालचिनी नव्हती. त्यानं सरळ सांगितलं, "जिना दमवतो. खिडकी शीळ घालते. आणि ही भिंत दुपारी बघा." त्यांनी बघितली, आणि दोघंही ओट्याकडे पाठ करून तिथंच उभे राहिले. घर गेलं.

शेवटच्या रविवारी रिकाम्या घरात आमचे आवाज घुमत होते. आईला तो हात धरून, एकेक पायरी थांबत, कायमची खाली घेऊन गेला होता. ती गाडीत बसली होती. मी किल्ल्या घेऊन वर थांबले होते, आणि तो परत आला. धापा टाकत.

"काही राहिलं का?" मी विचारलं.

"हो… म्हणजे… घर विकलं गेलं. आता मला रविवारी यायला काही कारण नाही."

पहिल्याच रविवारी तेजी असती, तर कुणीतरी हे घर झटक्यात घेतलं असतं, आणि हा माणूस माझ्या आयुष्यात जेमतेम एक दुपार उरला असता. घसरलेल्या प्रत्येक भावाचे, न आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचे मी मनातल्या मनात आभार मानले. चुकलेल्या प्रत्येक अंदाजाचेसुद्धा.

"एक शेवटचा अंदाज सांगू?" तो म्हणाला.

"सांग."

"मी आत्ता तुला विचारणार आहे, माझ्याशी लग्न करशील का. आणि माझा अंदाज आहे…" त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तू नाही म्हणशील."

"असं कसं वाटलं तुला?"

"वाटत नाही गं. पण माझा एकही अंदाज आजवर खरा ठरला नाही. म्हणून म्हटलं… या वेळी हाच सांगावा."

मी हसले, आणि हसता हसता डोळे कधी भरले ते कळलंच नाही. भिंतीवर पानं हलत होती. या वेळी आम्ही दोघंही तिकडे बघत नव्हतो.

खालून हाक आली, "अगं, किल्ल्या देताय की घर परत विकत घेताय? काय म्हणतंय हवामान खातं?"

शीळ घालणाऱ्या खिडकीतून मी वाकले. माझा हात त्याच्या हातात होता, तो तसाच ठेवला, आणि ओरडून सांगितलं, "आई, खातं परत चुकलं!"

"देव पावला!" आई म्हणाली. "आता खाली या दोघंही."