त्रासमुक्त कुटुंब

मगदूमांच्या घरात दोन वर्षांत कुणी कुणावर ओरडलं नव्हतं. सांगलीत त्याचं आता कुणाला कौतुकही नव्हतं, कारण घरोघरी तीच चूल. ज्या घरात कुणाला कायमचं दुखणं, त्या घरच्या धडधाकट माणसांच्या कानामागे नखाएवढी एक पट्टी. नाव ‘निवांत’. ही पट्टी मेंदूतल्या एका ठरावीक जागेला विजेचे बारीक झटके देऊन गप्प बसवते. मग आजाऱ्याचं करताना कंटाळा येत नाही, चिडचिड होत नाही, जीव मेटाकुटीला येत नाही. माणूस हसतमुखाने बेडपॅन उचलतो.

पद्मजा मगदूमला लग्नानंतर थोड्याच वर्षांत संधिवाताने धरलं होतं. पट्टी येण्याआधी तिचा नवरा भरतेश पाइप-मोटारींच्या दुकानातून घरी आला की भांडी आपटायचा. सासू, म्हणजे अक्का, सुनेचं दुखणं बस्तीत दर्शनाला आलेल्या चारचौघींपुढे सांगून डोळ्यांना पदर लावायच्या आणि घरी येऊन तिलाच टोमणे मारायच्या. आता अक्का तिची वेणी घालत आणि भरतेश न सांगता गरम पाण्याची पिशवी आणून देई. एका मंडळाने त्यांना ‘आदर्श शुश्रूषा कुटुंब’ म्हणून गौरवलंसुद्धा. शाल भरतेशला, नारळ अक्कांना. पद्मजाची खुर्ची फोटोत नीट मावेना म्हणून जरा बाजूला सरकवली होती. असल्या मंडळांना आजारी माणूस लागतो तो एवढ्यापुरताच.

अलीकडे पद्मजाच्या हातांना मुंग्या येऊ लागल्या होत्या. ब्लाउजचं हुक लागेना. चालताना पाय नेमका कुठे पडतोय ते कळेना.

“अहो, हे नेहमीचं दुखणं नाही,” ती म्हणाली. “हात माझा नसल्यासारखा वाटतोय.”

“होतं की असं,” भरतेश गोड हसला. “पिशवी आणू?”

“मला भीती वाटते हो.”

“शिरा करू का, बाई? बरं वाटेल,” अक्का म्हणाल्या.

दोघांनी दोन्ही गोष्टी आणल्या. पिशवी छान गरम होती आणि शिऱ्यात बेदाणेही होते. पद्मजाला ते ताट भिरकावून द्यावंसं वाटलं, पण हाताने ते उचलवलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ती रिक्षा करून एकटीच मिरजेला गेली. पट्टी शोधून काढणाऱ्या डॉ. अवंती टिपणीस तिथेच बसत. बाई हुशार होत्या आणि आपण हुशार आहोत हे त्यांना जरा जास्तच ठाऊक होतं.

“‘रोज मरे त्याला कोण रडे’ ही म्हण मी पुसून टाकली,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडे कुणी दुर्लक्ष करतं का? उपाशी ठेवतं का?”

“नाही. फक्त कुणी घाबरत नाही. मी जिन्यावरून पडले तरी ही माणसं हसत हसत उचलतील. तुम्ही त्यांच्या डोक्यातलं नक्की काय बंद केलंत?”

टिपणीसबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी सांगितलं. सुरुवातीला त्यांनी आजाऱ्यांच्या शेकडो नातेवाइकांना यंत्राखाली झोपवून एकच प्रश्न विचारला होता, ‘त्रास होतो का?’ प्रश्न ऐकून मेंदूतली जी जागा उजळली, ती त्यांनी शांत करायची ठरवली.

“कुणाचा त्रास?” पद्मजाने विचारलं.

“तेच तर आम्ही विचारलं नाही. मराठीत शब्द एकच. ‘हिचा मला त्रास होतो’ म्हणा, नाहीतर ‘हिचा त्रास मला बघवत नाही’ म्हणा. अर्ध्यांच्या मनात एक होतं, अर्ध्यांच्या मनात दुसरं. जागा मात्र सगळ्यांची एकच उजळली, म्हणून आम्हाला संशय आला नाही. पुढे कळलं की मेंदूत या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच. जो कावतो तोच कळवळतो. एक बंद केलं की दुसरं आपोआप बंद.”

“हे कळल्यावर तुम्ही पट्टी थांबवली नाहीत?”

“तक्रारच आली नाही कुणाची!”

“येईल कशी?” पद्मजा म्हणाली. “तक्रार करणाऱ्यालाच पट्टी लावलीत.”

तिने घरी येऊन भरतेशला पट्टी काढायला सांगितलं. तो लगेच हो म्हणाला. त्या दिवसांत तो सगळ्यालाच हो म्हणत असे.

संध्याकाळपर्यंत त्याने दार आपटलं, अक्कांच्या शिऱ्याला नावं ठेवली आणि पद्मजाच्या हातून पेला पडला तेव्हा तो खेकसला, “धड एक पेला धरता येत नाही तुला?” मग त्याने तिच्या बोटांकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. “कधीपासून हे असं? आणि मला सांगितलं नाहीस? मी काय मेलो होतो?”

पद्मजाने सांगितलं होतं, पण तेव्हा त्याने पिशवी आणली होती. तिला रडू फुटलं. त्या ओरडण्याने तिला किती बरं वाटलं, ते आदर्श कुटुंबांना कळणार नाही.

तपासणीत निघालं की मानेचा मणका सरकून मज्जारज्जू दाबला जात होता. आणखी उशीर झाला असता तर हातपाय गेले असते. शस्त्रक्रिया लगेच करायला हवी होती, आणि तिच्यात जिवाला धोका होता. भरतेश डॉक्टरांशी भांडला, नर्सशी भांडला, कॉरिडॉरमध्ये भिंतीला डोकं टेकून उभा राहिला. बाकी आजाऱ्यांचे पट्टीवाले नातेवाईक त्याच्याकडे असे बघत होते, जणू हा चारचौघांत धोतर सोडून उभा आहे.

“मी बाहेर येईपर्यंत पट्टी लावू नका,” पद्मजा त्याला म्हणाली. “एवढंच मागते. बाहेर कुणीतरी जीव मुठीत धरून बसलंय, हे मला आत जाताना माहीत असू दे.”

“नाही लावत. तुझी शप्पथ.”

नर्सने तिला स्ट्रेचरवर घेतलं. दाराशी दुसरी एक नर्स ट्रे घेऊन उभी होती. पूर्वी अशा वेळी नातेवाइकांना चहा विचारत, आता पट्टी विचारतात. भरतेशने नाही म्हणून मान हलवली. त्याने तिचा हात धरला, त्या हाताला आपला स्पर्श कळत नाही हे त्याला कळलं, आणि त्याला ते सोसवेना. वाईट माणूस नव्हता तो. साधा माणूस होता, आणि साधी माणसं फार वेळ सोसत नाहीत. त्यांच्याच जिवावर असली यंत्रं खपतात. त्याने ट्रेकडे हात नेला.

स्ट्रेचर हललं. पद्मजाला मान वळवता येत नव्हती, म्हणून ती डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याला शोधत होती. तो तिच्या शेजारून चालत आला. त्याचा चेहरा शांत होता, कपाळावरचा घामसुद्धा त्याने पुसला होता. दार लागता लागता त्याने हसून हात हलवला.

“सावकाश ये हं,” तो म्हणाला. “काही घाई नाही.”