भरल्या गाडीतून रिकामी गाडी

धाराशिवच्या दवाखान्याच्या जिन्यात मी त्याच्यावर आदळले. त्याच्या हातातलं पाकीट खाली पडलं. आत नुसती एक बारीक नळी.

"सावकाश... हिच्याशिवाय लिंबाजींचा श्वास कसा मोजू?"

"लिंबाजी... माझे अण्णा."

त्याची नजर एकदम मऊ झाली. डॉक्टर बसवेश, मूळचा नळदुर्गचा.

अण्णांनी ढोकीच्या कारखान्यात जन्मभर उसाच्या गाड्या काट्यावर तोलल्या. देह अवाढव्य. न्यूमोनिया झाला, व्हेंटिलेटर लागला, तरी ऑक्सिजन चढेना.

"मशीनचा दाब वाढवावा लागेल," तो म्हणाला.

"आणि फुप्फुस फाटलं तर?"

"अंदाजानं वाढवला तर ती भीती आहेच. म्हणून तर ही नळी. हिच्या टोकाचा फुगा अन्ननलिकेत बसतो. छातीपोटाचा भार आतून किती दाबतोय ते सांगतो. मशीनच्या दाबातून तेवढा वजा केला, की फुप्फुसाच्या वाट्याला काय येतं ते कळतं."

"म्हणजे भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा... उरला तो ऊस."

तो हसला. "व्हय की! मला न्हाय बुवा असं सांगता आलं कधी."

"काटेवाल्याची लेक आहे मी."

"ते दिसलंच... जिन्यातसुद्धा वजन करूनच सोडलंत."

मोजल्यावर कळलं, बराचसा दाब नुसता देहच खात होता. त्यानं बेतानं दाब वाढवला. मिटलेलं फुप्फुस उघडत गेलं. पुढं नळ्या निघाल्या, तेव्हा अण्णा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "काट्यावर... कोण हाय?"

मी बसवेशकडं बोट केलं.

"चोख हाय. चहा पाज त्याला."

तो चहा मग संपलाच नाही...

"साखर कमी घालता," एकदा ढोकीला घरी आला तेव्हा तो म्हणाला.

"डॉक्टर असून साखर मागता?"

"कारखान्याच्या गावात आलोय ना!"

एक अख्खा हंगाम अण्णा ओट्यावर बसून जाणाऱ्या ट्रॅक्टरमधल्या उसाचं वजन सांगत राहिले. तो हंगाम मला कुणीतरी मोजूनमापून मिळवून दिला होता. उन्हाळ्यात त्यांचं हृदय थांबलं.

दुखवट्याच्या घरात चूल पेटत नाही. पिठलं-भाकरीचा डबा सोयऱ्यांनी आणायचा, ही आमची रीत. दुसऱ्या दिवशी दारात बसवेश उभा. हातात डबा, बोटाला भाजल्याची खूण.

"हा डबा सोयरे आणतात, डॉक्टर," मी हळूच म्हणाले.

"माहीत आहे..." त्यानं मान खाली घातली. "रीत विचारूनच आणलाय."

आतून आत्यांनी हाक दिली, "कुणाचा डबा आला गं?"

मी डबा हातात घेतला. अजून गरम होता.

"सोयऱ्यांचा आहे, आत्या," मी म्हणाले.