जुन्या जागी ठेवलेली फाइल

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशीही मला सुट्टी नव्हती. सिंधीपुऱ्यातल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत मी लॅपटॉप उघडून बसले होते आणि मागे आई सांजोऱ्या तळत होती. तिच्याजवळ कोपऱ्यात वारलेल्या बाबांच्या नावाची घागर भरून ठेवलेली, वर खरबूज. एकच घागर. मोहितची भरू का, असं मी दर वर्षी विचारते आणि आई दर वर्षी अंगावर येते.

"त्याची कशाला? जित्ता आहे माझं पोरगं."

मोहित माझा धाकटा भाऊ. डोईफोडिया हे आमचं गाव सोडून आम्ही इथे राहायला आलो तेव्हा तो परीक्षेसाठी खंडव्याला गेला होता. टेम्पो एक दिवस आधीच मिळाला, म्हणून आम्ही निघालो. त्याचा फोन बंद. तो नेहमीसारखा गावच्या बसमध्ये बसला. त्याला उतरताना लोकांनी पाहिलं. पण घरी तो पोचला नाही, ना जुन्या ना नव्या. त्याला आता कितीतरी वर्षं झाली.

माझं काम फायलींचा इतिहास सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं. दोघांनी वेगवेगळे बदल केले की ते एकत्र करून देतं. त्यात एक जुना दोष आहे. एकाने फोल्डर नव्या जागी हलवलं आणि त्याच वेळी दुसऱ्याने जुन्या जागी फाइल ठेवली, तर एकत्र करताना ती फाइल हरवते. दोन्हीकडे सापडत नाही. वर सॉफ्टवेअर सांगतं, सगळं ठीक आहे. दुरुस्त करायला कोणाला सवड नाही, म्हणून निदान दोष दाखवणारी चाचणी तरी असावी, असं ठरलं. पुण्याच्या ऑफिसातल्या चंदनने ती लिहून मला तपासायला पाठवली होती. चाचणी नापास झाली की काम बरोबर. आमचा धंदाच उफराटा.

वाचताना माझा हात थांबला, हे खरं. पण योगायोगाला घाबरून पोट भरत नाही. मी चाचणी चालवली.

ती पास झाली. हरवायची ती फाइल नव्या फोल्डरमध्ये धडधाकट होती. मी पुन्हा चालवली. पुन्हा तिथेच. दुरुस्ती तर कोणीच केली नव्हती.

"हिमानी, जल्दी ये! मोहित आला ना!" आई मागून ओरडली.

तो पाटावर बसला होता, मांडीवर पिशवी. शर्ट तोच, निळा चौकड्यांचा. वयही तेच, एकोणीस. इतक्या कडक उन्हाळ्यात त्याच्या पायांना ओली काळी माती लागली होती.

"ताई, तुम्ही निघून आले, मला सांगितलं पण नाही," तो म्हणाला. "घराला कुलूप. मी आत्ताच तर बसमधून उतरलो."

मी त्याचा हात धरला. घागरीसारखा गार लागला. आईला काहीच विचारायचं नव्हतं. तिने ताट वाढलं. "किती वाळून गेला रे," एवढंच ती म्हणत राहिली. मला आनंद झाला होता आणि भीतीही वाटत होती.

पुढच्या खोलीत येऊन मी चंदनला फोन केला.

"पास कशी होईल? तुझ्याकडे काहीतरी जुनं राहिलं असेल. मी इथे चालवून बघतो."

"नको, चंदन. उद्या बघू."

"अगं, दोन मिनिटांचं काम. तू सण कर."

"हात जोडते तुला. नको चालवू."

"पण का?"

पलीकडून कळा दाबल्याचा आवाज आला.

"घे. नापास. एकदम बरोबर आहे. मंजूर धरतो."

आतलं बोलणं थांबलं.

मी धावले.

मागच्या दाराला आतून कडी होती. आई ताटासमोर बसली होती. पाट रिकामा.

ओल्या मातीची पावलं दारापासून पाटापर्यंत आली होती. परत गेलेली नव्हती.

मी चाचणी पुन्हा चालवली. पुन्हा. पुन्हा. दर वेळी नापास.

आई रडली नाही. ती म्हणाली, "माळ्यावरून दुसरी घागर काढ, बेटा."

तिने ती धुतली, भरली, बाबांच्या घागरीशेजारी ठेवली. वर ठेवायला खरबूज उरलं नव्हतं. तिने ताटातली सांजोरी उचलली आणि तीच ठेवली. दोन घास खाल्लेली.