एलिफच्या खिडकीतला दिवा

"दिवा बंद कर आधी," मी धक्क्यावरून ओरडले.

"बंद केला तर दोर कशाला बांधू... तुझ्या गळ्याला?" होडीतून आवाज आला.

आभाळात ध्रुवप्रकाशाचा हिरवा पट्टा नुकता कुठे पसरत होता, आणि या महाशयांच्या होडीचा दिवा थेट माझ्या कॅमेऱ्यात. झालं, फोटोचं वाटोळं. तो उतरला, माझी काकडलेली बोटं पाहिली, आणि आपला लोकरी हातमोजा काढून माझ्या हातात कोंबला. हातमोज्याला कॉड माशाचा वास होता. मी नाक मुरडलं, पण परत काही दिला नाही.

त्याचं नाव एलिफ. मी तोरुन. शेजारच्या बेटावरून स्टाइनवोग गावच्या मासळी कारखान्यात एका हिवाळ्यापुरती कामाला आले होते. काम महिनाअखेर संपणार होतं. त्याआधी मला एकच फोटो हवा होता – मासे वाळवायच्या मांडवांवर, बर्फावर, खाडीच्या पाण्यावर नुसता आभाळातला उजेड. गावात एकही दिवा नको.

"गाव काळोखात?" एलिफ हसला. "अगं, माणूस समुद्रावर असला की घरचं कुणी खिडकीतला दिवा विझवत नाही इथे."

"तुझा कोण लावतं?"

"आई गेल्यापासून मीच. जाताना लावतो, आल्यावर विझवतो."

"म्हणजे स्वतःची वाट स्वतःच बघतोस?"

"काय करणार..." तो माझ्याकडे बघत म्हणाला, "अजून कुणी अर्ज केला नाही."

मी हट्टाला पेटले. दारोदार फिरले, आणि एलिफही माझ्याबरोबर फिरला. शेजारची गुडलाऊग आजी तर म्हणाली, "दिवे विझवते बाई, पण हा पोरगा तुझ्यामागे कॅमेऱ्याची पिशवी घेऊन का हिंडतोय, ते आधी सांग." एलिफचे कान लाल झाले होते.

शेवटी शनिवार ठरला. होड्या परतल्या की सगळे दिवे बंद. सकाळी समुद्रावर निघताना एलिफ म्हणाला, "दुपारीच येतो. खिडकीतला दिवा आज लावत नाही... तुझ्यासाठी."

जानेवारीत आमच्याकडे दुपारीच काळोख होतो. एकेक खिडकी विझली. आणि आभाळ पेटलं. सगळी खाडी हिरवी. हवा होता अगदी तोच फोटो. बटणावर बोट ठेवलं... आणि एलिफच्या होडीची धक्क्यावरची जागा रिकामी दिसली.

वारा उठला होता. तो परत आलाय असंच गावाने धरलं होतं, कारण त्याच्या खिडकीत दिवाच नव्हता. आणि दिवा माझ्यामुळे नव्हता.

मी कॅमेरा तिथेच सोडून धावत सुटले. एलिफच्या घराचं दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात चाचपडत मी दिवा लावला. काळोख्या गावात ती एकच खिडकी उजळली, आणि तिच्यात मी उभी. त्याच्या घरात कोण वाट बघतंय, ते साऱ्या गावाला दिसलं. दिसू दे. मी हलले नाही. मग बाकीच्या खिडक्याही भराभर उजळल्या.

बऱ्याच वेळाने होडीचा आवाज आला, आणि मग दारात तो. भिजलेला, दमलेला.

"जाळं अडकलं होतं. फोटो काढलास?"

"नाही."

"वेडे, होडीत वाट दाखवणारं यंत्र आहे. दिव्याशिवायही आलो असतो."

"माहीत होतं मला."

"मग?"

"मग काय... कुणीतरी वाट बघतंय, हे तुला दिसायला हवं होतं." "मी बघत होते, एलिफ. मला तू हवा आहेस."

त्याने माझे गार हात आपल्या हातांत घेतले. मग हळूच म्हणाला, "आणि फोटो?"

"तोही हवाय. मिळाल्याशिवाय मी या गावातून हलणार नाही."

"असं?" दिवा विझवायला पुढे केलेला हात त्याने मागे घेतला. "मग हा आता रोज जळणार. बघू तुला फोटो कसा मिळतो ते."