कापसाच्या खोलीतली दुसरी गिटार

गिटार मला जळगावला मिळाली. रुपचंद नावाच्या माणसाचा ऑर्केस्ट्रा बंद पडला होता आणि तो एकेक सामान काढून टाकत होता. काळी, दोन शिंगांची, देशी बनावटीची इलेक्ट्रिक गिटार. परदेशी घेण्याची माझी ऐपत नव्हती, आणि मला हवा तो आवाज हिच्यात होता. तारांचा आवाज पकडणारा ब्रिजजवळचा पिकअप जाड, दुहेरी कॉइलचा. असा पिकअप असला की आवाज कितीही फाडला तरी गुणगुण कमी येते. मान जराशी वाकली होती, ती मी घरी आणून सरळ केली. नरडाण्याजवळच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढतात तिथे, मी फिटर आहे, तेवढं मला जमतं.

धुळ्यात आमच्या घरी पहिल्यांदा ॲम्प्लिफायर लावला तेव्हा आई पोळ्या तशाच टाकून बाहेर आली.

“हाई काय वाजाडी राहिना तू?”

“हेवी मेटल.”

“भांडा पडनात असं वाटनं माले,” ती म्हणाली आणि आत गेली.

म्हणून मी खाजाकडे वाजवू लागलो. खाजा माझा शाळेपासूनचा मित्र, लग्नाच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. त्याचे वडील कादरचाचा पिंजारी. त्यांच्या गाद्यांच्या दुकानामागची खोली छतापर्यंत कापसानं भरलेली असायची. शुक्रवारी दुकान बंद, जिनिंगलाही सुट्टी. खाजा नमाजहून आला की दुपारभर आम्ही त्या खोलीत वाजवायचो. कापूस आवाज गिळतो. गल्लीत नुसती धपधप ऐकू जायची. चाचा एकदा दारात येऊन म्हणाले, “तार तुटली तर सांग, पिंजणीची देतो.”

त्या हिवाळ्यात आम्ही टेप करायला लागलो. स्टुलावर खाजाचा टेपरेकॉर्डर, त्यात कोरी कॅसेट. ऐकायला बसलो तर टेपवर दोन गिटार होत्या.

दुसरी बारीक होती, लांबून आल्यासारखी. मी जे वाजवलं तेच ती वाजवत होती, फक्त किंचित आधी. प्रतिध्वनी म्हणावा तर तो मागून येतो, आणि त्या खोलीत प्रतिध्वनी नव्हताच. मी रेडिओ दुरुस्तीवाल्या तोतारामला विचारलं. टेपच्या एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो, म्हणून असं आधी ऐकू येतं, असं त्यानं सांगितलं. मला ते पटलं. आम्ही कॅसेट बदलली, मग टेपरेकॉर्डर बदलला. दुसरी गिटार राहिली. रुपचंदलाही मी जाऊन विचारलं. त्याच्याकडे माझी ही गिटार कित्येक वर्षं नीट वाजली होती.

हळूहळू टेपवरची ती दुसरी पुढे सरकत गेली. आधी एका श्वासाएवढी, मग एका ओळीएवढी. एका शुक्रवारी तिनं जे वाजवलं ते मी वाजवलंच नव्हतं. पुढच्या शुक्रवारी नवीन काही बसवताना माझा हात आपोआप त्याच जागी गेला. खाजानं ड्रम थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी वाजवत राहिलो, कारण ते खरंच चांगलं होतं.

मग टेपवरचा तो आवाज बदलला. जाड तार उतरवून ढिली केलेली, खोल, घरघरती. जलद जागा गेल्या. सूर एकातून दुसऱ्यात घसरत जात होते.

खाजा बराच वेळ ऐकत होता. “मगन, ये जो बजा रहा है ना, त्याची बोटं कमी आहेत.”

“काहीतरी बोलू नको.”

“मी ताल ऐकतो रे. ज्या जागी तुझं मधलं बोट पडतं, तिथे हा उशीर करतो.”

आम्ही टेप करणं थांबवलं. त्याबद्दल बोलणंही.

जिनिंगचा हंगाम भरात होता. एक पट्टा घसरला होता, मी मशीन बंद करून तो बसवत होतो, आणि रोलर उरल्या वेगानं अर्धा फेरा फिरला. चूक कुणाची नव्हती. डाव्या हाताची मधली दोन बोटं गेली.

“इकी टाक ते, भाऊ,” आई म्हणाली. गिटार भिंतीला टेकून होती. मी विकली नाही. उन्हाळाभर तिच्याकडे पाठ करून झोपलो.

पावसाळा सरता सरता खाजा आला, त्यानं गिटार उचलली आणि मला खोलीवर नेलं. तिथे मीच शोधून काढलं, किंवा मला तसं वाटलं, की जाड तार ढिली केली तर एक बोट आडवं ठेवून सगळा सूर धरता येतो. करंगळी मदतीला. जोरात वाजवलं. सूर घसरत होते, पण माझे होते. मला रडू आलं. मी मान वर केली तेव्हा खाजा कापसाकडे तोंड करून बसला होता.

“हे मी ऐकलंय,” तो म्हणाला.

त्यानंतर पुन्हा दर शुक्रवार. गेल्या शुक्रवारी मी टेपरेकॉर्डर मागितला. खाजा नको म्हणाला. मी म्हटलं, जे व्हायचं ते झालंय. तो आत जाऊन घेऊन आला.

टेपवर आम्ही दोघं होतो. आणि ती.

ती आमच्यासोबत बरीच वाजली. मग मधेच थांबली. सूर संपवून नाही, हात सुटल्यासारखी. ढिली तार एकटीच घरघरत राहिली.

टेपवरच्या त्या घरघरीत खाजाचा आवाज आला. “मगन?”

थोडं थांबून, माइकच्या अगदी जवळून, पुन्हा. “मगन?”

आवाज बसलेला होता, खरखरीत.

खाजानं टेप बंद केला. “मी काही बोललो नाही,” तो म्हणाला. ते मला ठाऊक होतं. त्या दिवशी त्याचा आवाज तर स्वच्छ होता.

आज गुरुवार, उद्या आमचा वाजवायचा दिवस. सकाळी कामावर निघालो तेव्हा खाजा दुकानाच्या पायरीवर ऊन खात बसला होता, गळ्याला मफलर. मी हाक मारली. त्यानं तोंड उघडलं, खोकला, आणि हातानंच सांगितलं की घसा बसलाय.