येते हं!

ही घटना खरी आहे. जे तपासता येत होतं, ते मी तपासलं आहे. राहिलेली एक गोष्ट उद्या कळेल.

गेल्या महिन्यातला मंगळवार, दुपारचे पावणेतीन. ताई आणि मी नदीकाठचं एक प्राचीन शहर पाहायला गेलो होतो. पूल झाला, बुरूज झाला. मग एका म्हाताऱ्या रंगाऱ्याने त्याचा कारखाना दाखवला. तिथे सातशे वर्षांपासून निळीत कापड रंगवतात. मागच्या रिकाम्या खोलीतून दगडी पायऱ्या थेट नदीत उतरत होत्या.

"इथून निघताना 'येतो' म्हणू नका," रंगारी म्हणाला. "गुपचूप चला."

"का हो काका?"

"इथली बाई तो शब्द धरून बसते."

तो पुढे गेला. ताईला हसू आवरेना. "आपल्याकडे 'जाते' म्हटलं, की आई पाठीत धपाटा घालायची!" तिने वळून रिकाम्या खोलीला हात केला. "येते हं!"

पायऱ्यांखाली पाणी हललं...

मग बाईचा आवाज. अगदी सहज.

"कधी?"

मला वाटलं, खाली कुणीतरी कापड धुतंय. मीच ओरडलो, "हिला रविवारी पाठवतो! ठेवूनच घ्या, परत नको!"

ताईने चिमटा काढला. "मेल्या, सुटायला बघतोस होय!"

बाहेर आल्यावर मी रंगाऱ्याला विचारलं, खालून 'कधी?' विचारणारी बाई कोण आहे? त्याचा चेहरा उतरला.

"दिवस कुणी सांगितला?"

"मी."

त्याने ताईकडे पाहिलंच नाही. दाराला कडी घातली. निरोपही घेतला नाही.

रविवारी ताई स्वतःच्या घरी होती. तिसरा मजला. इमारतीला सकाळपासून पाणी नव्हतं. भाऊजी टँकरची चौकशी करून वर आले, तेव्हा पावणेतीन वाजले होते...

ताई पलंगावर होती. केस कोरडे. साडी कोरडी. उशी कोरडी.

डॉक्टरांनी लिहिलं, बुडून मृत्यू.

नखांत निळा रंग होता.

भाऊजींना मी काहीच सांगितलं नाही. ते मलाच म्हणतात, "तुझ्यामुळे शेवटची सहल तरी झाली तिची."

पंधरा दिवसांनी त्यांच्याकडून निघताना चपला घातल्या आणि सवयीने फोटोकडे बघून बोलून गेलो, "येतो, ताई."

भाऊजी स्वयंपाकघरात होते. घरात दुसरं कुणी नव्हतं.

फोटोच्या बाजूने...

ताईचाच आवाज. अगदी सहज.

"कधी?"

मी उत्तर दिलं नाही. पुन्हा त्या घरी गेलो नाही.

काल भाऊजींचा फोन आला. आवाज कितीतरी दिवसांनी हलका वाटला.

"अरे, वेड लागलंय मला. तुझी ताई सारखी विचारतेय असं वाटतं, तू कधी येणार म्हणून. शेवटी सांगून टाकलं तिला, रविवारी."

आज शनिवार आहे.