पुसलेल्या ट्रॅकवरचा श्वास

वाचून झाल्यावर ‘रचलेलं आहे’ म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. ज्याच्यासोबत हे घडलं, त्याने लोकांना पटवून द्यायचा नाद केव्हाच सोडला आहे.

मंगळवार होता. सकाळचे साडेदहा. अंधार नाही, वारा नाही, रस्त्यावर नेहमीची वर्दळ.

बायकोला जाऊन साडेचार महिने झाले होते. तो न्हाव्याच्या खुर्चीत बसला होता. अर्धी दाढी झालेली, उरलेल्या गालावर साबण. न्हाव्याने मोबाइलवर गाणं लावलं.

दुसऱ्या ओळीला तो ताठ झाला.

शब्द तिचे. चाल तिची. आवाज मात्र दुसरीचा.

“हलू नका, कापेल,” न्हावी म्हणाला. “नवीन आहे. नुसता तुकडा सोडलाय, पूर्ण गाणं यायचंय अजून.”

“माझ्या बायकोचं आहे हे.”

“माझ्या बायकोलाही फार आवडतं,” न्हावी म्हणाला आणि वस्तरा फिरवत राहिला.

तो रेकॉर्डिस्ट. ती गायिका, पण तिचं नाव तुम्ही ऐकलेलं नाही. अकरा वर्षं ती एका मोठ्या कंपनीसाठी स्क्रॅच गायली. म्हणजे असं, की मोठ्या गायिकेला ऐकून शिकता यावं म्हणून आधी कोणीतरी अख्खं गाणं गाऊन ठेवायचं. मोठी बाई आली, गायली, की आधीचा आवाज पुसून टाकायचा. घाम एकीचा, नाव दुसरीचं. “मी म्हणजे पाटीवरची अक्षरं,” असं ती हसत म्हणायची. त्याला त्यात हसण्यासारखं कधी काही वाटलं नाही.

स्वतःचं म्हणावं असं एकच गाणं तिने केलं. आजारपणात. घरातल्या मागच्या खोलीत, भिंतींना गाद्या टेकवून, पंखा बंद करून. तेव्हा तिला एका दमात ओळ पुरत नसे. आधी एक छोटा श्वास घ्यायची. थांबायची. मग मोठा. मग ओळ.

“हे श्वास काढून टाकू का?” त्याने विचारलं होतं.

“राहू दे रे. एवढं तरी माझं राहू दे.”

तिच्या नावाने काढाल का, असं विचारत त्याने ते गाणं कंपनीला पाठवलं. फाईलला नाव देताना मात्र अकरा वर्षांच्या सवयीने हात चालला. आधी ‘स्क्रॅच’ लिहिलं, मग गाण्याचं नाव.

त्याच्या लक्षातही आलं नाही.

उत्तर यायच्या आत ती गेली.

अर्ध्या दाढीनिशीच तो कंपनीत पोचला. मॅनेजरने त्याच्या गालाकडे बघितलं आणि कॉम्प्युटर त्याच्याकडे फिरवला.

“काय लिहिलंय फाईलवर? वाचा.”

“सवयीने लिहिलं गेलं. हे स्क्रॅच नव्हतं. तिचं स्वतःचं गाणं होतं.”

“भाऊ, स्क्रॅच कंपनीचे असतात. तुम्हाला काय नवीन सांगायचं? सवय तुमची, अक्षर तुमचं. आम्ही कुठे चुकलो?” मग तो जरा मऊ झाला. “बरं झालं आयतेच आलात. त्याच गाण्याचं एक काम अडलंय. आत जा.”

आत कानसेन होता. कंपनीचा जुना रेकॉर्डिस्ट. शेजारच्या खोलीत कोणता पंखा चालू आहे, हे भिंतीआडून सांगायचा, म्हणून हे नाव. त्याने दार लावून घेतलं.

“वहिनींचा ट्रॅक मी स्वतः पुसला,” तो म्हणाला. “तीनदा. कॉम्प्युटरही बदलला. ऐक आता.”

पडद्यावर एकच ट्रॅक होता. मोठ्या बाईंचा. कानसेनने तोही बंद केला. आता ऐकण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

त्याने हेडफोन लावले.

शांतता.

आणि मग...

एक छोटा श्वास.

थांबला.

मग मोठा.

ओळ आलीच नाही.

त्याने हेडफोन काढले. “बाईंनी ऐकलं का हे?”

“तो तुकडा कसाबसा गायल्या. पुढे हेडफोन काढून बाहेर आल्या. माझ्या आधी कोणीतरी श्वास घेतंय म्हणाल्या. गालाला वारा लागतो म्हणाल्या. परत आत पायच ठेवायला तयार नव्हत्या, हातापाया पडून उरलेलं गाऊन घेतलं. आणि तो माइक बघ.”

काचेपलीकडची खोली रिकामी होती. माइक मधोमध उभा.

“बाई उंच आहेत,” कानसेन म्हणाला. “रोज संध्याकाळी मी तो वर करून जातो. सकाळी येतो तर...”

चार बोटं खाली.

मोजायची गरज नव्हती. तिचं तोंड नेमकं तिथे यायचं.

तो उठला, आत गेला आणि माइकची वायर उपटून हातात घेतली. परत येऊन बसला, हेडफोन पुन्हा लावले. आवाज आला की हलणारा हिरवा दिवा विझलेला होता.

एकदम...

दिवा हलला. थोडासा. मग थांबला. मग वरपर्यंत गेला.

वायर अजून त्याच्या हातात होती.

काचेपलीकडच्या माणसाशी बोलायचं बटण त्याने दाबलं. घरी रेकॉर्डिंग करताना तो तिला जे म्हणायचा, तेच म्हणाला.

“चालू दे गं.”

हेडफोनमध्ये श्वास आत गेला... आणि तिथेच अडला. बाहेर आला नाही. त्याने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. एक मिनिट. दोन. इतका वेळ कोणालाच श्वास धरता येत नाही.

“चुकलं माझं,” तो म्हणाला.

दिवा विझला.

बाहेर मॅनेजर उभाच होता. “होईल का साफ?”

“नाही.”

“मग राहू दे तसंच. बरं वाटतंय कानाला.”

पूर्ण गाणं श्वासांसकट बाहेर आलं. मोठ्या बाईंच्या नावावर. खाली लोकांनी लिहिलं, काय जीव ओतलाय बाईंनी, श्वाससुद्धा गातात. बाईंनी हात जोडल्याची खूण टाकली. त्याने ते शंभर वेळा वाचलं असेल.

दोन दिवसांनी कानसेनचा फोन आला.

“वहिनी गाणी तारीख घालून लिहायच्या ना? ती वही शोध. मी साक्ष देतो. फार तर नोकरी जाईल, कान तर कोणी नेत नाही. नाव लागायला हवं तिचं.”

वही शोधायची गरज नव्हती. ती कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं. शेवटच्या दिवशी नर्सने तिच्या वस्तू भरून दिल्या होत्या, त्या पिशवीत. चष्मा, शाल, कंगवा आणि वही.

त्याच दुपारी त्याने पिशवी खाटेवर ठेवली. बाहेर लख्ख ऊन होतं. खिडकी उघडी होती. चेन धरली...

आतून एक छोटा श्वास आला.

थांबला.

तो मोठ्या श्वासाची वाट बघत राहिला. ऊन खोलीतून निघून गेलं, तरी मोठा श्वास आला नाही.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. कानसेन अजून फोन करतो. गाण्यावर अजूनही दुसरीचं नाव आहे. वही काढली तर तिचं नाव लागेल, पण आत थांबलेला तिचा श्वास निघून जाईल, असं त्याला वाटतं.

पिशवी त्याने उघडलेली नाही.